जहाजावरचा चित्रकार



आजच्या व्याख्यानाचा विषय फलकावर वाचून आपल्यापैकी काहींच्या मनात एक शंका आली असेल. या गावापासून समुद्र कित्येक कोस दूर. चित्रकलेचा व्यवसाय करणारे या मंडपात फार तर चार-दोन. आणि जहाजावर बसून चित्रे काढण्याचा प्रसंग ज्याच्यावर येणार आहे असा तर बहुधा कोणीच नाही. मग हा विषय कशाला? त्यावर आमचे उत्तर असे की, जी अडचण जहाजावरच्या चित्रकारापुढे उभी राहते, तीच थोड्याफार फरकाने डोळे उघडे ठेवून जगणाऱ्या प्रत्येकापुढे उभी राहते. समोरची वस्तू स्थिर नाही, तिच्यावरचा उजेड स्थिर नाही आणि आपले स्वतःचे पायही स्थिर नाहीत. अशा वेळी ‘हे आम्ही पाहिले’ असे छातीवर हात ठेवून सांगता येईल काय? हा प्रश्न चित्रकारांनी आपल्या परीने साडेतीनशे वर्षे हाताळला आहे. त्याची हकीकत आपल्यापुढे मांडावी, असा आमचा मानस आहे.

प्रथम अडचण नीट समजून घेऊ. डोंगराचे चित्र काढणारा डोंगरासमोर बैठक मारतो. डोंगर हलत नाही, चित्रकारही हलत नाही. हलतो तो केवळ प्रकाश. किनाऱ्यावर बसून समुद्र रंगवणाऱ्याच्या समोर दोन गोष्टी हलतात, पाणी आणि प्रकाश. जहाजावरच्या चित्रकाराच्या वाट्याला मात्र तीन येतात: पाणी, प्रकाश आणि तो स्वतः. शिवाय जहाजाची हालचाल म्हणजे केवळ डोलणे नव्हे. शिडाच्या जहाजाला समोरून येणाऱ्या वाऱ्यात सरळ जाता येत नाही. ते एकदा या अंगाला तर एकदा त्या अंगाला तिरके वळत पुढे सरकते. प्रत्येक वळणासरशी डाव्या हाताचा सूर्य उजव्या हाताला जातो, आणि चित्रकाराने अर्धे रंगवलेले चमचमते पाणी जहाजाच्या पाठीमागे दडते. बरे, नांगर टाकला म्हणजे तरी सुटका होते काय? तीही नाही. नांगरलेले जहाज वाऱ्याप्रमाणे आणि भरती-ओहोटीप्रमाणे नांगराभोवती फिरत राहते. सकाळी खिडकीत दिसणारा डोंगर दुपारी त्या खिडकीत नसतो.

आणि प्रकाश तरी किती वेळ थांबतो? आपल्याकडच्या उष्ण कटिबंधात सूर्याचे बिंब क्षितिजाला टेकल्यापासून पुरते बुडेपर्यंत दोन-अडीच मिनिटे लागतात. त्यानंतरचा कामापुरता उजेड वीस-पंचवीस मिनिटांत सरतो. तेवढ्या अवधीत रंग कालवायचे, कुंचला धुवायचा, वाऱ्याने फडफडणारा कागद धरायचा आणि पोटातली मळमळही आवरायची. तैलरंग वाळत नाही, जलरंग दमट हवेत ओलाच राहतो, तुषारांचे खारे पाणी कागदावर डाग पाडते. रंगांची सोय तर आणखीच अवघड. कथलाच्या नळीत भरलेला तैलरंग १८४१ नंतरचा. त्यापूर्वी चित्रकार आपले तयार रंग डुकराच्या मूत्राशयाच्या छोट्या पिशव्यांत भरून नेत. अशा सामानानिशी समुद्रावर निघणाऱ्या माणसाला लोकांनी वेड्यात काढले असेल, तर त्यांना फारसा दोष देता येणार नाही.

आता समुद्राच्या रंगाविषयी दोन शब्द बोलले पाहिजेत, कारण सर्व गोम तिथेच आहे. समुद्र निळा, असे आपण सहज बोलून जातो. पण ओंजळीत घेतलेल्या पाण्याला रंग नसतो. खोल पाणी प्रकाशातला तांबडा भाग लवकर गिळते आणि निळा भाग दूरवर जाऊ देते, ही त्याच्या निळेपणातली एक बाब झाली. दुसरी बाब परावर्तनाची. पाण्यावर प्रकाश अगदी सरळ पडला, तर शंभरातले दोन भाग तेवढे परत फिरतात. तो तिरपा होऊ लागला की हे प्रमाण आधी हळूहळू आणि पुढे झपाट्याने वाढते. जवळजवळ आडव्या किरणाला तर पाणी आरसाच होते. म्हणून जहाजाच्या कठड्यावरून खाली पाहिले की आपण पाण्याच्या आत पाहतो. दूर पाहिले की पाण्यात आकाश पाहतो. डेकवर उभ्या असलेल्या माणसाचा डोळा पाण्यापासून ९ मीटर उंच असेल, तर क्षितिज त्याच्यापासून सुमारे ११ किलोमीटरवर येते. या ११ किलोमीटरांच्या पट्ट्यात, एकाच क्षणी, पायाजवळ काळसर हिरवे, मध्ये निळे आणि पलीकडे आकाशाच्या रंगाचे, असे तीन समुद्र नांदत असतात.

त्यातही एक बारकी गोष्ट आहे. दूरच्या लाटांच्या आपल्याकडे वळलेल्या उतरणीच काय त्या आपल्याला दिसतात, पलीकडच्या उतरणी झाकल्या जातात. या उतरणींत क्षितिजालगतचे फिकट आकाश उमटत नाही, तर त्याच्या बऱ्याच वरचे, अधिक गडद आकाश उमटते. म्हणूनच निरभ्र दिवशी वारा असेल, तर समुद्राची कड तिला टेकलेल्या आकाशापेक्षा गडद दिसते. वारा पडला आणि पाणी काचेसारखे झाले, की तीच कड आकाशात विरघळून जाते. तात्पर्य, समुद्राचा रंग ही समुद्राची मालमत्ता नव्हे. आकाश, वारा, तळचा गाळ आणि पाहणाऱ्याची उंची या चौघांनी मिळून केलेला तो तात्पुरता करार आहे. आपल्या कोकणच्या किनाऱ्यालगत पावसाळ्यात नद्यांच्या गाळाने पाणी मातकट होते, तेव्हा या करारातला एक पक्ष बदलतो आणि समुद्र ओळखू येईनासा होतो.

येथे चित्रकाराची आणखी एक पंचाईत सांगितली पाहिजे. पांढऱ्यात पांढरा रंग आणि काळ्यात काळा रंग शेजारी ठेवले, तरी त्यांच्या उजळपणातला फरक काही दहापटींचाच असतो. उलट पाण्यावर तळपणारे ऊन आणि लाटेच्या पोटातली सावली यांतला फरक त्याहून कितीतरी मोठा. म्हणजे निसर्गातला उजेड जसाच्या तसा कापडावर आणणे अशक्य. मग चित्रकार करतो काय? गवई जे करतो तेच. स्वर तितक्या उंच पट्टीत लागत नसेल तर गवई पट्टी खाली घेतो, पण स्वरांमधली अंतरे बिघडू देत नाही. चित्रकारही उजेडाची पट्टी खाली घेतो. लाट, आकाश आणि फेस यांच्यातली अंतरे तेवढी सांभाळतो. अंतरे बरोबर लागली की पाहणाऱ्याचे डोळे दिपल्याचा भास होतो. ती चुकली तर महागातला महाग रंगही चुन्यासारखा दिसतो.

असो. आता इतिहासाकडे वळू. समुद्रावर जाऊन चित्रे काढणाऱ्यांत हॉलंडच्या विलेम व्हॅन द वेल्डे या पिता-पुत्रांचे नाव आधी घेतले पाहिजे. दोघांचे नाव एकच. वडील १६११ सालचे, मुलगा १६३३ सालचा. १६६६ च्या जून महिन्यात इंग्रज आणि डच आरमारांचे सलग चार दिवस घनघोर युद्ध झाले, तेव्हा पंचावन्न वर्षांचा हा बाप एका छोट्या गलबतात बसून, तोफांच्या धुरात, कागदावर जहाजांच्या हालचाली टिपत होता. पुढे १६७२-७३ च्या हिवाळ्यात ही जोडी इंग्लंडला गेली, आणि १६७४ पासून दुसऱ्या चार्ल्स राजाने दोघांनाही वर्षाला शंभर-शंभर पौंडांची नेमणूक करून दिली. त्या नेमणुकीतली कामाची वाटणी मोठी मासलेवाईक आहे. बापाने सागरी लढायांची रेखाटने करायची आणि मुलाने ती रंगात उतरवायची! पाहणारा एक आणि रंगवणारा दुसरा. रेघ पाण्यावर, रंग जमिनीवर. त्या काळी हाच मार्ग शहाणपणाचा होता, कारण रेघ क्षणात ओढता येते, रंगाला सवड लागते. पण या वाटणीत एक गोष्ट निसटून जाते. गलबतावरच्या बापाने जहाजे नेमकी टिपली; त्या वेळचा उजेड मात्र त्याच्या रेघेत पुरता मावणार कसा? तो मुलाला आपल्या स्वतःच्या अनुभवातून भरावा लागला. मुलगा मोठा कलावंत होता आणि समुद्राचा चांगला जाणकार होता, म्हणून ते साधले.

पाहणारा आणि रंगवणारा हे दोघे एकाच माणसात, एकाच जहाजावर, एकाच वेळी आले, असे ठळक उदाहरण आम्हांला विल्यम हॉजेस याचे वाटते. हा लंडनमधल्या एका लोहाराचा मुलगा, १७४४ साली जन्मलेला. रिचर्ड विल्सन या नामांकित निसर्गचित्रकाराच्या हाताखाली तो शिकला होता. कॅप्टन जेम्स कुक आपल्या दुसऱ्या सफरीवर १३ जुलै १७७२ रोजी प्लिमथहून निघाला, तेव्हा ‘रेझोल्यूशन’ या त्याच्या जहाजावर आरमार खात्याने या सत्तावीस वर्षांच्या तरुणाला चित्रकार म्हणून धाडले. जहाज मूळचे कोळसा वाहणारे, बांधणीने मजबूत, दिसायला सामान्य. सफर तीन वर्षे चालली. आफ्रिकेचे दक्षिण टोक, तिथून दक्षिणेकडचा बर्फाचा समुद्र, न्यूझीलंड, ताहिती, ईस्टर बेट, पुन्हा बर्फ, आणि ३० जुलै १७७५ रोजी परत इंग्लंड, असा तो प्रवास.

या जहाजावर हॉजेसकडे एक अगदी व्यवहाराचे काम होते. अनोळखी किनारा समुद्रावरून कसा दिसतो याच्या लांबट रेखाकृती काढणे. पुढे येणाऱ्या नावाड्याने ती रेखाकृती हातात धरायची आणि डोंगरांच्या कडा जुळवून बंदराचे तोंड ओळखायचे. येथे चित्र ही दिवाणखान्याची शोभा नव्हती. एखादा सुळका शोभेसाठी डावीकडचा उजवीकडे सरकवला, तर मागून येणारे जहाज खडकावर जायचे. ‘जसे दिसले तसे’ या तीन शब्दांची किंमत माणसांच्या जिवात मोजली जाईल, अशी ती शाळा होती. आमच्या मते हॉजेसचा डोळा घडला तो या शाळेत.

१७७२ च्या नोव्हेंबरात जहाज केप ऑफ गुड होपला टेबल उपसागरात नांगरून होते. तिथे हॉजेसने तैलरंगात एक मोठे चित्र केले, सुमारे ९६ सेंटिमीटर उंच आणि १२५ सेंटिमीटर रुंद. आज ते ग्रिनिचच्या सागरी संग्रहालयात आहे. चित्र जागेवरच, ‘रेझोल्यूशन’ जहाजावरून घेतले, असे त्याच्या शीर्षकातच नमूद आहे. एवढे मोठे कापड उघड्या डेकवर वाऱ्यात उभे राहणे कठीण. जहाजाच्या मागच्या बाजूला कप्तानाचे प्रशस्त दालन असे, त्याला ओळीने मोठ्या खिडक्या असत. अशा खिडक्यांतून पाहून हे काम झाले असावे असे जाणकार मानतात. चित्रात टेबल पर्वतावर काळे ढग दाटले आहेत, त्यांच्या फटीतून ऊन उतरले आहे, आणि पुढे पाणी अस्वस्थ आहे. पर्वत कसा आहे हे सांगण्यापेक्षा हवा बदलते आहे हे सांगण्याची चित्रकाराला घाई झालेली दिसते. रंगाचे फटकारे उघडे आहेत. ते गुळगुळीत करण्याला सवडच नव्हती, कारण ऊन थांबणार नव्हते.

याच जहाजावर आणखी एक वस्तू होती, आणि तिच्याकडे आम्ही आपले लक्ष मुद्दाम वेधू इच्छितो. ती म्हणजे लार्कम केंडॉल याने बनवलेले सागरी घड्याळ. जॉन हॅरिसनच्या प्रसिद्ध घड्याळाची ती प्रतिकृती. त्याची कसोटी या सफरीत लागायची होती. उघड्या समुद्रावर खुणेला झाड नाही, देऊळ नाही, मैलाचा दगड नाही. आपण पूर्व-पश्चिम कुठे आहोत हे कळायचे कसे? त्याचे उत्तर वेळेत आहे. पृथ्वी तासाला १५ अंश फिरते, म्हणजे ४ मिनिटांना १ अंश. ग्रिनिचची वेळ घड्याळात जपून ठेवली आणि जहाजावरची वेळ सूर्यावरून काढली, की दोहोंच्या फरकावरून रेखांश मिळतो. विषुववृत्तावर घड्याळ ४ मिनिटे चुकले तर जहाज १११ किलोमीटरांनी चुकते. घड्याळ कसोटीला उतरले, आणि कुकने त्याची वाखाणणी केली.

आता पाहा, भूमीवर आपण जागा जागेवरून ओळखतो. समुद्रावर जागा वेळेवरून ओळखावी लागते. चित्राचेही तसेच आहे. जमिनीवरच्या चित्रात वस्तू असतात: वाडा, वड, बैलगाडी. उघड्या समुद्राच्या चित्रात वस्तू म्हणावी अशी काहीच नसते. एक आडवी रेघ, तिच्यावर आकाश, तिच्याखाली पाणी. मग एक समुद्रचित्र दुसऱ्यापासून वेगळे होते कशाने? वेळेने. सकाळचे आठ, वारा नैर्ऋत्येचा, पाऊस नुकताच सरकलेला; ही त्या चित्राची ओळख. आम्हांला तर वाटते की, समुद्रचित्राचा खरा विषय समुद्र नव्हे, घटका हा आहे. एकाच जहाजावर एका दालनात घड्याळ घटका मोजत होते आणि दुसऱ्या दालनात कुंचला घटका पकडत होता, हा योगायोग आम्हांला फार अर्थपूर्ण वाटतो.

पुढची हकीकत अधिक चटका लावणारी आहे. केपहून निघाल्यावर चार महिने जहाजाला जमीन दिसली नाही. १७ जानेवारी १७७३ रोजी त्याने दक्षिण ध्रुववृत्त ओलांडले. असे करणारे, नोंद असलेले, ते पहिले जहाज. सभोवार हिमनग. खलाशी होड्यांतून जाऊन बर्फाचे तुकडे गोळा करीत आणि ते वितळवून पिण्याचे गोडे पाणी भरीत. हॉजेसने हा देखावा शाईच्या पाण्याने आणि जलरंगांनी कागदावर उतरवला. मार्चच्या अखेरीस जहाज न्यूझीलंडच्या डस्की खाडीत शिरले, आणि तिथल्या गर्द झाडीच्या सावलीत, जहाजावरून काठावर जाणाऱ्या लाकडी पुलाचे एक सुंदर तैलचित्र त्याने केले. ते चित्रही आज ग्रिनिचलाच आहे. अलीकडे त्याची क्ष-किरणांनी तपासणी झाली, तेव्हा हिरव्या झाडीच्या थराखाली काय सापडावे? हिमनग! बर्फाच्या समुद्रात सुरू केलेल्या चित्रावरच त्याने हे अरण्य रंगवले होते. कापड सफरीत पुरवून वापरावे लागे म्हणून, की त्या बर्फाचा उजेड मनासारखा साधला नाही म्हणून, हे तो सांगून गेला नाही. पण दोनशेहून अधिक वर्षे लोक झाडी पाहत होते आणि तिच्या पोटात दक्षिण समुद्राचा बर्फ निजून होता. माणसाने प्रत्यक्ष पाहिलेल्या गोष्टीवर नंतरचे थर कसे चढतात, याचे याहून बोलके उदाहरण आम्हांला ठाऊक नाही.

थर पुढेही चढले. लंडनला परतल्यावर आरमार खात्यासाठी हॉजेसने सफरीतली मोठी चित्रे रंगवली. टीकाकारांना त्याचे खरबरीत, उघडे रंगकाम रुचले नाही. निसर्गचित्र गुळगुळीत, शांत आणि उदात्त असावे अशी त्या काळची अभिरुची. १७ मे १७७३ रोजी न्यूझीलंडच्या केप स्टीफन्सजवळ जहाजाभोवती पाण्याचे प्रचंड भोवरे आकाशाला भिडले होते. हॉजेस त्या वेळी जहाजावर होता. पण १७७६ साली लंडनमध्ये त्याने या प्रसंगाचे भव्य चित्र केले, ते किनाऱ्यावर उभे राहून पाहावे तसे. पुढे खडकावर माणसांचा नाट्यपूर्ण मेळा, आणि ‘रेझोल्यूशन’ जहाज दूर पाण्यात लहानसे. चित्र थरारक आहे यात शंका नाही. परंतु जो माणूस जहाजावर होता तोच माणूस चित्रात जहाजावरून उतरवला गेला आहे. साक्षीदाराने आपली जागा सोडली आणि प्रेक्षकाची जागा घेतली. केपच्या चित्रात जी धडधड आहे ती येथे नाही; तिची जागा रचनेने घेतली आहे.

हॉजेसचे पुढचे आयुष्य आपल्या देशाशीही जोडलेले आहे. १७८० ते १७८३ या काळात तो हिंदुस्थानात होता. शिंद्यांच्या हातून इंग्रजांनी १७८० साली घेतलेला ग्वाल्हेरचा किल्ला त्याच्या चित्रांत आहे. उतारवयाची मात्र दैना झाली. १७९५ साली त्याचे चित्रप्रदर्शन, चित्रांतून युद्धाविषयी राजकीय मतप्रचार होतो या आक्षेपावरून, राजपुत्र ड्यूक ऑफ यॉर्क याच्या हुकमाने बंद पडले. त्याने चित्रकला सोडली, डार्टमथ गावी पेढी काढली, ती १७९७ साली बुडाली, आणि त्याच वर्षी तो वारला.

आता कोणी म्हणेल, आपण एकाच बाजूची वकिली करीत आहात. जहाजावर बसूनच समुद्र रंगवावा असा काय नियम आहे? हा आक्षेप योग्य आहे आणि त्याला मोठ्या माणसांचा आधार आहे. क्रिमियातल्या फिओदोसिया गावचा इव्हान आयवाझोव्स्की हा रशियन आरमाराचा चित्रकार. हयातभरात त्याने सुमारे सहा हजार चित्रे केली, त्यांत बहुसंख्य समुद्राची. जहाजांवरून तो पुष्कळ हिंडला होता. पण चित्र रंगवताना मात्र तो समुद्राकडे पाहत नसे. वीज, वाऱ्याचा झोत, लाटेची उसळी यांच्या हालचाली समोर बसून कुंचल्याने पकडताच येत नाहीत, त्या स्मरणातूनच आल्या पाहिजेत, असे त्याचे ठाम मत होते. ‘नववी लाट’ हे त्याचे १८५० सालचे चित्र सव्वातीन मीटरांहून रुंद आहे, आणि रात्रभराच्या वादळानंतरचा त्यातला सोनेरी उजेड पाहून कोणीही थबकतो. दुसरा दाखला इंग्लंडच्या टर्नरचा. बर्फाच्या वादळात सापडलेल्या आगबोटीचे चित्र त्याने १८४२ साली, सदुसष्टाव्या वर्षी, मांडले, आणि आपण त्या रात्री त्या वादळात होतो असे शीर्षकातच लिहिले. डोलकाठीला स्वतःला बांधून घेऊन चार तास वादळ पाहिले, अशी कथाही त्याच्या नावावर आहे. संशोधकांना त्या प्रवासाचा कागदोपत्री पुरावा मिळाला नाही, म्हणून कथेवर पुष्कळांचा विश्वास नाही. पण चित्रावर अविश्वास दाखवणे कठीण आहे. त्यात जहाज जेमतेम दिसते. वर काय, खाली काय, हे कळेनासे होते. आणि वादळात नेमके तेच होते.

मग निवाडा काय करायचा? आमचा निवाडा असा. जहाजावर असणे हा काही खरेपणाचा दाखला नव्हे. डेकवर बसून शाळेत शिकवलेल्या लाटा काढणारे चित्रकारही होऊन गेले असतील. उलट स्मरणातून काढणाऱ्या आयवाझोव्स्कीच्या स्मरणात जे साठले होते ते त्याने समुद्रावर राहूनच साठवले होते. एक लाट पाहून तिचे चित्र काढता येत नाही, कारण ती पाहीपर्यंत मोडलेली असते. परंतु शंभर लाटा पाहिल्या तर लाटेचा स्वभाव कळतो, आणि मग मोडलेली लाटही काढता येते. म्हणजे प्रश्न जागेवर की स्मरणातून, हा नाही. पाहिलेली घटका चित्र पुरे होईपर्यंत जिवंत राहिली की मेली, हा प्रश्न आहे. जहाजावरच्या चित्राचा मोठेपणा एवढाच की, तिथे घटकेला मरायला वेळच मिळत नाही.

आजच्या काळी आणखी एक आक्षेप येईल. ज्याच्या त्याच्या खिशात कॅमेरा आहे. एका बोटाच्या स्पर्शाने समुद्र पकडता येतो, मग हा खटाटोप हवा कशाला? कॅमेरा उपकारकर्ता आहे, त्याची निंदा आम्ही करणार नाही. पण तो लाटेला सेकंदाच्या शेकडोव्या भागात गोठवतो आणि ती काचेची असावी तशी दिसते. तशी लाट कोणत्याही डोळ्याने कधी पाहिलेली नसते. शिवाय एकाच मापाने उजेड घ्यायचा म्हणून तो पुष्कळदा आकाश पांढरे करतो, नाहीतर पाणी काळे करतो. माणसाचा डोळा मात्र उजेडाकडे वळला की आकसतो, सावलीकडे वळला की उघडतो, आणि मन त्या सगळ्यांची गोळाबेरीज करते. चित्र ही अर्ध्या तासाच्या पाहण्याची बेरीज आहे. छायाचित्र ही बहुधा एका निमिषाची पावती. पावतीही जपावी. पण पावती जपून ठेवली म्हणून आपण पाहिले, असा समज करून घेऊ नये.

घटकेचा हा विचार आपल्याला परका वाटण्याचे कारण नाही. आपल्या संगीताने रागांना प्रहर वाटून दिले आहेत. दिवस आणि रात्र यांच्या सांध्यावरचे राग आपण संधिप्रकाश राग म्हणून वेगळे ओळखतो. मारवा भर दुपारी ऐकला तर स्वर तेच असतात, पण काहीतरी चुकल्यासारखे वाटते. ज्या समाजाने कानाला घटकेची इतकी बारीक जाण दिली, त्याने डोळ्याला ती देऊ नये, हे काही बरे नव्हे. समुद्रमार्गे आलेल्या चित्रकारांचा आपल्याशी संबंध जुना आहे. थॉमस आणि विल्यम डॅनियल हे चुलते-पुतणे १७८५ साली इंग्लंडहून निघाले, चीनमार्गे कलकत्त्यास आले, १७९३ साली मुंबईस पोचले, आणि पुण्यात सवाई माधवरावांचे चित्र काढणाऱ्या जेम्स वेल्स याच्याबरोबर त्यांनी घारापुरी-कान्हेरीच्या लेण्यांची वाट धरली. समुद्रप्रवासाची आपली चित्रे त्यांनी १८१० साली ग्रंथरूपाने छापली. आमचा किनारा त्यांनी पाहिला. आम्ही तो किती पाहिला?

म्हणून शेवटी एक साधी, करता येण्याजोगी सूचना. आपल्यापैकी कोणी मुंबईला गेलात आणि भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे जाणाऱ्या लाँचमध्ये बसलात, तर एक पेन्सिल आणि पोस्टकार्डाएवढा कागद जवळ ठेवा. चित्रकार असण्याची गरज नाही. आधी क्षितिजाची रेघ ओढा. तिच्या वरचे आकाश उजळ की तिच्या खालचे पाणी उजळ, हे नीट पाहा आणि शब्दांत लिहा. लाँचच्या कडेला खाली पाणी कोणत्या रंगाचे आहे ते लिहा. किती वाजले ते लिहा, वारा कुठून आहे ते तांडेलाला विचारा. तो हसणार नाही, कारण त्याचा सारा जन्म हेच पाहण्यात गेला आहे. दहा मिनिटांनी तीच नोंद पुन्हा करा. दुसरी नोंद पहिलीशी जुळणार नाही. त्या न जुळण्यातच आपण काहीतरी पाहिल्याचा पुरावा आहे.

समुद्र ज्यांना जवळ नाही त्यांनी गावचा तलाव घ्यावा, नदीचा डोह घ्यावा, तेही नसेल तर समोरच्या टेकडीवरची संध्याकाळ घ्यावी. आपण सारेच चालत्या गलबतावर आहोत, हे संतांनी आणि तत्त्वज्ञांनी आपल्याला पुष्कळ सांगितले आहे. ते ऐकून आपण बहुधा उदास होतो. जहाजावरच्या चित्रकाराने त्या वचनातून वेगळा अर्थ काढला. सगळे हलते आहे, म्हणून पाहणे सोडून द्यावे, असे तो म्हणाला नाही. सगळे हलते आहे, म्हणून आत्ताच पाहावे, असे तो म्हणाला, आणि रंग कालवायला बसला.